निदान झाले, अर्थ कोणी सांगावयाचा?

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे काही आडरानातले गाव नव्हे. एका अंगाला आर्वी, दुसऱ्या अंगाला पुलगाव; पुलगावहून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो आणि वर्ध्याला पोचले की सेवाग्राम व सावंगी मेघे अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या रुग्णालयांसह उभी आहेत. देशातील फारच थोड्या ग्रामीण जिल्ह्यांच्या वाट्याला एवढी वैद्यकीय सोय आलेली आहे. तरीही या गावातील एखाद्या बाईच्या हाताला आंघोळ करताना स्तनातील गाठ लागली, ती दुखत नाही म्हणून कापसाची वेचणी आटोपेपर्यंत तिने कोणापाशी अवाक्षर काढले नाही, अखेर तपासणी झाली, सुईने गाठीचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि निदानाचा कागद घरी आला, तर त्या कागदाचा अर्थ तिला समजावून सांगणारे माणूस भेटेलच, याची हमी या सोयींपैकी एकही देत नाही. कागद इंग्रजीत असतो. तो मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या हाती पडतो. तेथून तो गावातील शिक्षकाकडे किंवा सोसायटीच्या गटसचिवाकडे जातो, कारण त्यांना इंग्रजी येते. पण या कागदावरचे इंग्रजी त्यांनाही येत नाही. त्यातला एकच शब्द त्यांना कळतो आणि तो कळला की पुढच्या ओळी वाचण्याचे कोणाला सुचत नाही.

या एका शब्दाचे ओझे वाढविण्याचे पातक वृत्तपत्रांनीही केलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. भ्रष्टाचाराचा कॅन्सर, जातीयतेचा कर्करोग ही अग्रलेखांची आणि सभामंचांची जुनी लाडकी भाषा आहे. ज्यावर इलाज नाही, जे मुळासकट कापून काढल्याखेरीज गत्यंतर नाही, असे काहीही दिसले की हा शब्द वापरावयाचा, अशी सवयच पडून गेली. अलंकार म्हणून तो शब्द वापरणाऱ्याचे काही बिघडत नाही. पण ज्या घरात तो निदान म्हणून येतो, तेथे तो मृत्युदंड म्हणून ऐकला जातो. मग बाईला सांगावयाचे नाही असे पुरुषमंडळी आपसांत ठरवितात. 'साधी गाठ आहे, काढून टाकू' असे तिला सांगितले जाते. तिला मात्र सर्वांच्या चेहऱ्यांवरून सर्व काही कळलेले असते. कळलेले नसते ते एवढेच की, कागदावर त्या शब्दाच्या पुढे 'प्राथमिक अवस्था' असेही लिहिलेले आहे.

या दोन शब्दांचा अर्थ नीट लावावयास हवा, कारण त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज होतात. रोग स्तनापुरता, किंवा फार तर त्याच बाजूच्या काखेतील सुट्या, हलणाऱ्या गाठींपर्यंत पोचलेला असेल, तर वैद्यक त्याला सामान्यतः प्राथमिक अवस्था म्हणते. प्राथमिक म्हणजे किरकोळ नव्हे. उपचार टाळले तर तो प्राथमिक राहतही नाही. पण प्राथमिक म्हणजे आशेपुरते दिलेले सांत्वनही नव्हे. भारतातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला, तेव्हा ज्यांचा रोग स्तनापुरताच मर्यादित होता त्यांच्यापैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असल्याचे दिसले. रोग शरीरात दूरवर पसरल्यावर ज्यांचे निदान झाले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर येते. रोगाचे नाव एकच, देश एकच, उपचारपद्धतीही बहुतांशी त्याच. अंतर पडते ते निदानाच्या वेळचे. अर्थात टक्केवारी ही समूहाची असते, कोणा एका बाईची नसते, आणि तिच्या अंगणात बसून कोणी तिला ८१ टक्के वाटून देऊ शकत नाही. तथापि मृत्युदंड आणि हे आकडे यांत जो फरक आहे, तो तिला कळण्याचा तिचा हक्क आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. निदान हाती पडताच घरात एकतर धावपळ सुरू होते, नाहीतर सारे थिजून जाते. 'आजच्या आज काढून टाका' असे म्हणणारे असतात, तसे 'सुई लावली की पसरतो' म्हणून जडीबुटीवाल्याकडे नेणारेही असतात. सुईने तपासल्यामुळे रोग पसरतो हा समज निराधार आहे. त्या समजापायी जे महिने वाया जातात त्यांत मात्र तो खरोखरच पसरतो. उलट, हाताला लागेल एवढी गाठ होण्यास बहुधा काही वर्षे लागलेली असतात. ती अपघातातील रक्तस्रावासारखी तासांची गोष्ट नाही. निदान समजून घेण्यास, उरलेल्या तपासण्या पुऱ्या करण्यास, दुसऱ्या डॉक्टरांचे मत विचारण्यास दोन-तीन आठवडे घेतले तर बिघडत नाही. दोन-तीन हंगाम घेतले तर बिघडते. शेतीच्या हिशोबात वावरणाऱ्या घराला हा भेद समजावून देणे अवघड नाही. पण तो कोणी समजावून देत नाही, म्हणून एक तर घाईने स्तन जातो किंवा दिरंगाईने जीव जातो.

स्तन गेलाच पाहिजे, ही समजूत एके काळी वैद्यकशास्त्राचीच होती. अमेरिकेतील विख्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून जी शस्त्रक्रिया रूढ केली तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी काढून टाकल्या जात. जितके अधिक कापावे तितका रोगी अधिक सुरक्षित, हा तर्क दिसावयास बिनतोड होता आणि म्हणूनच तो पाऊण शतकाहून अधिक काळ टिकला. त्याच्या जोडीला आणखी एक प्रथा होती. तपासणीसाठी बाईला भूल द्यावयाची, ती बेशुद्ध असतानाच गाठ तपासावयाची आणि कर्करोग निघाला तर तेथल्या तेथे स्तन काढून टाकावयाचा. स्तन आहे की नाही हे तिला जागे झाल्यावर चाचपडून कळावयाचे! रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंना १९७४ साली स्वतःलाच हा रोग झाला, तेव्हा आधी निदान सांगा, निर्णय नंतर मी घेईन, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्याची चळवळ केली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञ परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे असावेत, हे मान्य केले. डॉक्टरांच्या पंक्तीला बसून कुशनरबाईंनी त्या निर्णयात भाग घेतला, हे विशेष.

अधिक कापण्याचा तर्क खोटा ठरला तो मात्र चळवळीने नव्हे, तर मोजमापाने. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ स्त्रियांवर हा प्रश्न पारखून पाहिला. काहींचा संपूर्ण स्तन काढला, काहींची केवळ गाठ व तिच्या भोवतीचा भाग काढला. वीस वर्षे पाठपुरावा करून २००२ साली दोघांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: प्राथमिक अवस्थेत दोन्ही गटांतील स्त्रिया सारख्याच जगल्या. अट एकच होती. स्तन राखला तर पुढे किरणोपचार घ्यावयास हवेत. फिशर यांच्या पाहणीत किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

शास्त्राने दिलेला हा पर्याय रोहण्याच्या बाईपर्यंत पोचतो का, हा खरा प्रश्न आहे. किरणोपचार रोज घ्यावे लागतात, आठवड्याचे पाच दिवस. पूर्वी ते पाच आठवडे चालत. ब्रिटनमधील दीर्घ पाहण्यांनंतर बहुसंख्य स्त्रियांना तीन आठवडे पुरतात हे सिद्ध झाले आणि काहींना तर एका आठवड्यातील पाच मात्रांनी काम भागते, असे २०२० सालच्या निष्कर्षांवरून दिसले. मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला हा तपशील गौण वाटेल. पण जिला रोज सकाळची एस. टी. धरून वर्ध्याला जावयाचे, सोबत एका माणसाची मजुरी बुडवावयाची आणि ऐन वेचणीच्या दिवसांत घरचे वावर परक्यांवर सोपवावयाचे, तिच्या दृष्टीने पाच आठवडे आणि तीन आठवडे यांत स्तन राहणे आणि जाणे एवढे अंतर आहे. किरणोपचाराची दगदग नको म्हणून सरळ स्तन काढून टाकण्याचा निर्णय खेड्यांतून होतो, तो असा. तो निर्णय वाईटच असतो असे नाही. सर्व बाजू ऐकून, आपल्या शेतीचा आणि प्रकृतीचा विचार करून एखादी बाई म्हणेल की, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, तर तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. आक्षेप आहे तो तिला न विचारता ठरविण्याला. 'आता या वयात काय करायचे आहे?' हे वाक्य अशा वेळी घरातील कर्ते पुरुष सहज बोलून जातात. हेच पुरुष पायाच्या अंगठ्याला गँगरीन झाले तर तो वाचविण्यासाठी नागपूर गाठतात!

याबाबत कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात असा निर्णय दिला की, तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढून टाकण्याची संमती ठरत नाही, आणि सज्ञान स्त्री केवळ भुलेखाली आहे म्हणून तिच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही चालत नाही. प्रत्यक्ष आईची ही गत, तर दिराची आणि पुतण्याची काय कथा! पण संमतीपत्रावर अंगठा किंवा सही घेतली म्हणजे संमती झाली, अशी आपल्याकडे समजूत आहे. कशाला संमती दिली हे त्या बाईला विचारून पाहावे.

त्या कागदावर आणखी काही ओळी असतात, त्यांचे महत्त्व शस्त्रक्रियेइतकेच आहे. गाठीतील पेशी स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर पोसतात की नाही, हे त्यांतली एक ओळ सांगते. पोसत असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी दररोज, किमान पाच वर्षे घ्यावयाची असते. या गोळीने केस गळत नाहीत, रुग्णालयात पडून राहावे लागत नाही; आणि नेमके म्हणूनच तिचे महत्त्व वाटत नाही. वर्षभरात बरे वाटू लागले की गोळी सुटते. ती का घ्यावयाची हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलेले नसते, तर दुसरे काय होणार? दुसरी ओळ हर-टू नावाच्या प्रथिनाविषयी असते. ते अधिक असेल तर त्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे वेगळे औषध आहे. भारतीय कंपन्यांनी गेल्या दशकात त्याच्या तोडीची औषधे बाजारात आणली, तरी ती अद्याप महागच आहेत. आणि प्रत्येकीला केमोथेरपी लागतेच असे नाही. सर्वांना त्याच एका उपचाराची धास्ती वाटते. काखेत रोग न पोचलेल्या आणि संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठीच्या अनेक स्त्रियांना तिच्याशिवाय चालते, असे दहा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीतून २०१८ साली दिसून आले. त्यासाठी परदेशांत जी जनुकीय चाचणी करतात ती रोहण्याला परवडणारी नाही. परंतु वय, गाठीचा आकार आणि त्या दोन ओळी यांवरून अनुभवी डॉक्टर पुष्कळसा अंदाज बांधू शकतो.

महागड्या यंत्रांवाचून काहीच होत नाही, असे मानण्याचेही कारण नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधा प्रयोग केला. प्राथमिक अवस्थेतील गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्या भोवती लिडोकेन टोचावयाचे. दात काढताना टोचतात तेच हे बधिर करणारे औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८३ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांच्या जवळ गेलेले दिसले. एका प्रयोगाने शास्त्र ठरत नाही, हे खरे. पण औषध असे की ते तालुक्याच्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात सापडेल. त्याच रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखावर स्त्रियांची पाहणी हाती घेतली. तीत निम्म्या स्त्रियांचे स्तन, यंत्राने नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी हातांनी तपासले, दर दोन वर्षांनी एकदा, असे चार वेळा. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्यांत रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दशकभर आधी गाठतो, हे विसरून चालणार नाही.

शिकविलेले हात पुरतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले. पण ते हात गावोगाव फिरतात कोठे? तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, तिचे छापील तक्ते आशा सेविकांपाशी असतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या शंभरात एकही भरली नाही, प्रमाण ०.९ टक्के. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. या दोन आकड्यांतील जवळीक त्या ०.९ शी ताडून पाहावी.

पैशाची बाजू पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही, हे नमूद करावयास हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा, किरणोपचाराचा आणि औषधांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेची आणि एस. टी.ची प्रवाससवलतही आहे. पण बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही आणि समजावून सांगण्याला तर योजनेच्या दरपत्रकात भावच नाही. शस्त्रक्रियेला दर आहे, खाटेला दर आहे, अर्धा तास बाईसमोर बसून तिचा कागद तिच्या भाषेत उलगडून दाखविण्याला नाही. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे ताटकळत असताना तरुण डॉक्टराने तो अर्धा तास आणावा कोठून? दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. हे काम परिचारिकेचे आणि सामाजिक कार्यकर्तीचे आहे. त्यासाठी पद हवे, पगार हवा. आणि इंग्रजी कागदासोबत मराठीत एक पान द्यावयास तर वेगळ्या तरतुदीचीही गरज नाही. सातबाराचा उतारा मराठीत मिळतो, विजेचे बिल मराठीत येते. गाठीचा अहवाल तेवढा इंग्रजीतच असला पाहिजे असा काही शास्त्राचा दंडक नाही.

वर्धा जिल्ह्याला हे करून दाखविणे जड जाऊ नये. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते खेड्यांसाठी म्हणूनच. त्याच्या रुग्णालयाने पुढे भोवतालच्या गावांतील कास्तकारांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजना चालविली. रोकड नसेल तर धान्य द्या, पण उपचाराला या, असे सांगण्यासाठी माणसे गावात जाऊन बसत. जिल्ह्यातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारे केंद्रही आज सेवाग्रामलाच आहे. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, त्याच परंपरेतले हे काम. म्हणजे रोहण्यातील बाईचे निदान झाले की तिचे वय, तिचे गाव, तिच्या रोगाची अवस्था हे सारे यथाकाल त्या नोंदवहीत उतरते. जी माहिती नोंदवहीला मिळते, ती तिला स्वतःला मिळत नाही.

ते होईपर्यंत तो कागद रोहण्याच्या शिक्षकाकडे आणि गटसचिवाकडेच यावयाचा आहे. त्यांनी तो वाचू नये असे नाही. बाईला समोर बसवून वाचावा, तिच्या पुतण्याला एकट्याला नव्हे. जे कळणार नाही ते कागदाच्या पाठीमागे मराठीत लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ती ते पुढे करू शकेल: गाठ किती सेंटिमीटरची आहे, काखेत काही आहे काय, संप्रेरकांची आणि हर-टूची तपासणी झाली काय, स्तन राखता येईल काय, राखला तर किरणोपचार किती आठवडे. त्याखाली एक ओळ मोकळी सोडावी. वेचणीला पुन्हा केव्हा जाता येईल, हे ती स्वतःच सांगून त्या ओळीवर लिहून घेईल.